गांजाचा कायदा : कारखान्याला परवाना, वस्तीला कोठडी

एकाच झाडाबद्दल आपली सरकारे सध्या दोन सुरांत बोलत आहेत. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने ६ सप्टेंबर २०२४ रोजी एका समितीचा अहवाल स्वीकारला. औषधी आणि औद्योगिक कारणांसाठी भांगेच्या झाडाची नियंत्रित शेती करू द्यावी, असे या अहवालात म्हटले आहे. महसूलमंत्री जगतसिंह नेगी या समितीचे अध्यक्ष होते. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी इथल्या दोन कृषी विद्यापीठांच्या मदतीने प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. उत्तराखंडने तर २०१८ मध्येच औद्योगिक हेम्पच्या लागवडीचा परवाना दिला होता. या बातम्यांमध्ये शब्द असतात ते महसूल, रोजगार, स्टार्टअप आणि निर्यात असे.

आपल्या शहरांतल्या पोलीस ठाण्यांमध्ये मात्र याच झाडासाठी वेगळे शब्द आहेत : माल, पुडी, पंचनामा, रिमांड. खिशात दहा ग्रॅम सापडलेला एकोणीस वर्षांचा पोरगा आणि त्याला सोडवायला आलेली त्याची अम्मी यांना महसूल आणि निर्यातीचे काहीच घेणे नसते. त्यांच्यासाठी हे झाड म्हणजे कोर्टाच्या तारखा, वकिलाची फी आणि मोहल्ल्यातली कुजबूज.

मी तरुणांच्या शिबिरांमध्ये संविधान आणि कायदा या विषयांवर बोलत असतो. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न हमखास येतो : "सर, ते तर आता लीगल झालंय ना?" कुणी परदेशातली रील पाहिलेली असते, कुणी हेम्पच्या बियांची जाहिरात, तर कुणी सीबीडी तेलाची. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्धवट माहितीवर विसंबून राहण्याची किंमत फार मोठी असते, आणि ती सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. म्हणून या अंकात याच विषयावर सविस्तर लिहायचे ठरवले.

कायदा नेमके काय म्हणतो?

गांजा आणि चरस आपल्याकडे शतकानुशतके आहेत. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. या आयोगाने देशभर हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. मर्यादित वापराने फार मोठे नुकसान होत नाही, सरसकट बंदी घालू नये, कर आणि परवान्यांच्या मार्गाने नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात सरकारला मिळणाऱ्या अबकारी उत्पन्नाचाही विचार होता, हे विसरायचे कारण नाही. पुढे १९६१ मध्ये अमली पदार्थांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारात गांजाची व्याख्या करताना झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तेवढे धरले गेले. पाने आणि बिया, शेंड्यांसोबत नसतील तर, वगळल्या गेल्या. बिगर-वैद्यकीय वापर थांबवण्यासाठी भारतासारख्या देशांना पंचवीस वर्षांची सवलत मिळाली.

ती मुदत संपत आली तेव्हा राजीव गांधी सरकारने १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आणला. यालाच आपण एनडीपीएस म्हणतो. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे झाडातून काढलेली राळ, ही व्याख्या या कायद्यात आहे. पानांपासून बनणारी भांग त्यातून बाहेर राहिली. म्हणून राजस्थान किंवा उत्तर प्रदेशात सरकारमान्य भांगेची दुकाने दिसतात. पण यावरून महाराष्ट्रात भांग मोकळी आहे असे समजू नका. तो विषय राज्याच्या अखत्यारीत येतो आणि आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो.

शिक्षा प्रमाणावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत आणि चरस शंभर ग्रॅमपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण'. त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गांजा वीस किलो आणि चरस एक किलोपासून पुढे 'व्यापारी प्रमाण' सुरू होते. त्यासाठी किमान दहा वर्षे आणि कमाल वीस वर्षे कैद, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत कैद. जवळ काही न सापडता नुसते सेवन सिद्ध झाले तरी कलम २७ खाली गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ओढणे हाही भारतात गुन्हाच आहे. शिबिरातल्या त्या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे : नाही, लीगल झालेले नाही.

उद्योगासाठी उघडलेली दारे

मग या जाहिराती कशाच्या? याच कायद्यात कलम १४ आहे. धागा आणि बिया मिळवण्यासाठी किंवा बागायतीच्या कारणासाठी सरकार भांगेच्या लागवडीला परवानगी देऊ शकते, असे ते सांगते. हे कलम तीसेक वर्षे जवळपास पडून होते. उत्तराखंडने त्याचा आधार घेतला. अट अशी की झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. अशा झाडाला हेम्प म्हणतात. त्याच्या धाग्यापासून कापड आणि कागद, दांड्याच्या गाभ्यापासून बांधकामाचे साहित्य आणि बियांपासून तेल होते. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात भांगेच्या बियांची चटणी घरोघर होते. ती खाऊन कुणाला नशा येत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, हेम्पच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांमध्ये टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे, अशी मर्यादा घातली. पानांच्या अर्कापासून केलेली 'विजया'ची औषधे ही वेगळी वाट आहे. ती आयुर्वेदिक औषधांच्या परवान्याखाली येतात आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. या क्षेत्रात आपल्या मुंबईतही कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेत केंद्र सरकारच्या आशीर्वादाने संशोधनासाठी भांगेची लागवड चालू आहे.

आंतरराष्ट्रीय वारेही बदलले. २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीतून काढले. मतदान २७ विरुद्ध २५ असे अटीतटीचे झाले आणि भारताने बदलाच्या बाजूने मत दिले. व्हिएन्नात भारत सरकारने गांजाचा औषधी उपयोग मान्य केला. त्याच वर्षी देशात टीव्हीच्या पडद्यावर नटनट्यांचे व्हॉट्सॲप संदेश वाचून दाखवत गांजाविरुद्ध मोहीम चालू होती.

उद्योगाला माझा विरोध नाही. डोंगरातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला रानडुकरे आणि माकडे खात नाहीत असे पीक मिळणार असेल, तर ते मिळावे. आपल्यातल्या कुणाला या धंद्यात उतरायचे असेल तर त्याने उतरावे, पण कागद पाहून. बियांचा खाद्यपदार्थ, पानांचे औषध आणि लागवड या तीन गोष्टींचे परवाने वेगळे आहेत. 'हेम्प' असे लिहिले म्हणजे सगळे चालते, असे नाही. एकाच बियाण्याचे पीक हवामान बदलले की ०.३ टक्क्यांची रेषा ओलांडू शकते, आणि तसे झाले की ते कायद्याच्या नजरेत गांजाचे पीक ठरते. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या मुलांनी तर विशेष सांभाळायला हवे. इथे दुकानात मिळणारे सीबीडी तेल किंवा 'विजया'ची गोळी तिथल्या विमानतळावर गुन्हा ठरू शकते. कुणी ओळखीच्याने "एवढं पार्सल घेऊन जा" म्हटले तर ते उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत टाकू नका. भीड महागात पडते.

कोर्टाच्या पायरीवर कोण उभे असते?

उद्योगासाठी कायद्यात वाट निघू शकते, हे आपण पाहिले. आता दुसऱ्या बाजूला पाहू. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांचे २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतले एनडीपीएसचे दहा हजारांहून अधिक निकाल तपासले. त्यांतली बहुतांश प्रकरणे गांजाची होती आणि शिक्षा झालेल्यांत विक्रेत्यांपेक्षा सेवन करणारेच जवळजवळ सगळे होते. पकडले गेलेले लोक प्रामुख्याने रस्त्यावर आणि झोपडपट्टीत राहणारे होते. बहुतेकांनी गुन्हा कबूल केला आणि दंड भरून ते मोकळे झाले.

"मोकळे झाले" हा शब्द इथे फसवा आहे. गुन्हा कबूल केला की नोंद राहते. दुसऱ्यांदा पकडले गेल्यास कलम ३१ खाली शिक्षा दीडपटीपर्यंत वाढू शकते. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टच्या चौकशीत ती नोंद समोर येते. रोजंदारीवर जाणाऱ्या मुलाला वाटते, हजारभर रुपये भरले आणि सुटलो. वकील देता येईल असा मुलगा मात्र असे चटकन कबूल करत नाही. तो लढतो, आणि अनेकदा सुटतो.

ज्या गांजासाठी ही माणसे पकडली जातात, तो देशात किती जण वापरतात? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, वर्षभरात सुमारे ३.१ कोटी भारतीयांनी भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यांतल्या बेकायदा गांजा-चरसचा वापर करणाऱ्यांची संख्या १.३ कोटींच्या आसपास होती. त्यांत सगळ्या जातिधर्मांचे, सगळ्या उत्पन्नगटांचे लोक आहेत. टॉवरमधल्या गच्चीवरही ओढला जातो आणि पुलाखालीही. पण पोलिसांची गाडी कुठे थांबते, हे आपल्याला सांगायला नको. ज्याचे घर लहान, त्याचे खासगी आयुष्य रस्त्यावरच घडते आणि तेच नजरेत येते.

याला आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक पदर आहे. महाराष्ट्राच्या तुरुंगांत मुस्लिमांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे सच्चर समितीच्या काळापासून पुढे येत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतले बहुतेक जण पहिल्यांदाच अटक झालेले, कमी शिकलेले आणि गरीब असल्याचे आढळले. संघटित गुन्हेगारीशी त्यांचा संबंध नव्हता. ही आकडेवारी सगळ्या गुन्ह्यांची आहे, केवळ अमली पदार्थांची नव्हे. पण वस्तीकडे पाहण्याची जी नजर एका कायद्यात असते, ती दुसऱ्या कायद्यात बदलत नाही.

ऑक्टोबर २०२१ मधले आर्यन खान प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. त्याच्याजवळ अमली पदार्थ सापडला नव्हता. तरी ३ ऑक्टोबरला अटक झाली आणि २८ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. मे २०२२ मध्ये एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, आरोपपत्र दाखल केले तेव्हा पुराव्याअभावी त्याचे नावच वगळले. देशातला नामांकित बाप आणि देशातले नामांकित वकील उभे राहूनही पंचवीस दिवस गेले. गोवंडीच्या, कोंढव्याच्या किंवा मालेगावच्या पोराला किती दिवस लागत असतील, याचा हिशेब तेव्हा कोणत्याच वाहिनीने मांडला नाही. आपल्यातले अनेक जण त्या वेळी 'आपला मुलगा' म्हणून हळहळले. हळहळ वाटणे माणसाचेच आहे. पण जो खरोखर आपल्या गल्लीतला आहे, त्याच्यासाठी आपण किती वेळा कोर्टात गेलो?

न्यायालयांनी काय दिले?

निराश व्हायचे कारण नाही. अलीकडच्या वर्षांत न्यायालयांनी काही महत्त्वाच्या गोष्टी स्पष्ट केल्या आहेत आणि प्रत्येक तरुणाला त्या माहीत असायला हव्यात.

एक : अंगझडती घेण्यापूर्वी, "राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती द्यायचा तुम्हाला हक्क आहे", हे आरोपीला सांगणे कलम ५० नुसार बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये हे काटेकोर पाळलेच पाहिजे असे सांगितले. मात्र हा हक्क अंगाच्या झडतीपुरता आहे, हातातल्या पिशवीला तो लागू होत नाही.

दोन : तोफान सिंह प्रकरणात २९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की एनसीबीसारख्या यंत्रणेच्या अधिकाऱ्यापुढे कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येणार नाही. दमदाटी करून सही घेण्याच्या पद्धतीला या निकालाने मोठा धक्का दिला.

तीन : जप्त केलेल्या मालात फुलोऱ्याचे शेंडे आहेत की नुसती पाने, बिया आणि काड्या, याला महत्त्व आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात नेमका हाच मुद्दा धरला. वीस किलोंची रेषा ओलांडली की नाही, यावर दहा वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. त्यामुळे पंचनाम्यात काय लिहिले आहे ते वकिलाने नीट वाचले पाहिजे.

चार : व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांत कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य होतो. आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, याची न्यायालयाला आधी खात्री पटावी लागते. मोहम्मद मुस्लिम विरुद्ध दिल्ली सरकार या प्रकरणात तेविशीतला एक तरुण २०१५ मध्ये पकडला गेला होता. गांजा दुसऱ्यांकडे सापडला होता, याचे नाव त्यांच्या जबाबातून आले होते. सात वर्षांहून अधिक काळ तो कच्चा कैदी होता आणि निम्म्याहून अधिक साक्षीदार तपासायचे राहिले होते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन देताना सांगितले, की खटला विनाकारण लांबला तर कलम ३७ ची कडक अट जामिनाच्या आड येऊ शकत नाही. तुरुंगात गेलेल्या गरीब माणसाचा रोजगार जातो, कुटुंब विखुरते, याची नोंदही न्यायालयाने घेतली. या मुलाच्या तरुणपणाची सात वर्षे मात्र कुठलाच निकाल परत देऊ शकत नाही.

याच्या उलट दिशेचे निकालही आहेत. मालात मिसळलेल्या इतर पदार्थांचे वजनही प्रमाण ठरवताना धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. अल्प प्रमाणाचा गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र, यावर खुद्द मुंबई उच्च न्यायालयातच २०१० आणि २०२० मध्ये वेगवेगळी मते आली. म्हणून "थोडाच होता, लगेच सुटेल" या भरवशावर राहू नये.

हराम आणि गुन्हा

या टप्प्यावर काही वाचक विचारतील, नशा तर आपल्याकडे हराम आहे, मग तिची वकिली कशाला? मी नशेची वकिली करत नाही. गांजा निरुपद्रवी आहे, असेही माझे म्हणणे नाही. एम्सच्या त्याच पाहणीत सुमारे ७२ लाख लोकांना भांग-गांजाच्या वापरामुळे मदतीची गरज असल्याचे दिसले. कोवळ्या वयात सुरुवात झाली तर अभ्यास, स्मरणशक्ती आणि मनःस्वास्थ्य यांवर परिणाम होतो. ज्यांच्या घराण्यात गंभीर मानसिक आजार आहे, त्यांच्यासाठी धोका अधिक असतो. वस्तीत राहून हे आपण डोळ्यांनी पाहतो.

पण एखादी गोष्ट वाईट असणे आणि ती करणाऱ्याला तुरुंगात टाकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ययुगातल्या फकिहांमध्येही हशीशबद्दल हा वाद झालेला आहे. इब्न तैमिया यांनी तिला दारूसारखीच ठरावीक शिक्षा हवी असे म्हटले. तेराव्या शतकातले मालिकी विद्वान अल-कराफी यांनी ती वर्ज्य मानूनही ठरावीक शिक्षा नाकारली आणि प्रकरण पाहून ताकीद-शिक्षा द्यावी असे मत मांडले. सातशे वर्षांपूर्वी जो फरक करता आला, तो आज लोकशाही देशाच्या नागरिकाला करता येऊ नये? आपल्या नीतीच्या कल्पना आपल्याजवळ ठेवून कायदा न्याय्य असावा असा आग्रह धरता येतो. संविधान आपल्याला तो हक्क देते.

आपल्याकडे नशेपेक्षा नशेच्या बदनामीला जास्त भितात. मुलगा ओढतो हे कळले की घर दार लावून घेते. कुणी गावाला मामाकडे पाठवते, कुणी लग्न लावून देते, कुणी बाबाकडे नेते. डॉक्टरकडे नेणारे थोडे. कायद्यात कलम ६४-अ आहे, हे तर फार कमी जणांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालवू नये, अशी तरतूद आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण आरोपीला कुणी सांगत नाही आणि घरच्यांना बोलायची लाज वाटते.

आपण काय मागायचे, काय करायचे?

सरकारला बदल करायचाच नाही, असे नाही. २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने वैयक्तिक वापरासाठी बाळगलेल्या अल्प प्रमाणाला गुन्ह्याच्या कक्षेतून काढून उपचारांवर भर द्यावा, असे सुचवल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केली खरी, पण ती निघाली २०१४ च्या दुरुस्तीत राहिलेल्या मसुद्यातल्या एका चुकीची. पैसा पुरवणाऱ्यांना शिक्षा देणारे कलम २७-अ त्या चुकीमुळे लंगडे झाले होते. कायद्यातली चूक सुधारायला संसदेला वेळ मिळाला. पुडीसाठी पकडल्या जाणाऱ्या मुलाचा विचार मात्र तसाच राहिला.

बाहेर पाहिले तर मोरोक्कोचे उदाहरण बोलके आहे. रीफच्या डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या गांजा पिकतो आणि हजारो गरीब शेतकरी वॉरंटच्या भीतीखाली जगत होते. या मुस्लिमबहुल देशाने २०२१ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीला कायदेशीर मान्यता दिली. नशेसाठीचा वापर बेकायदाच ठेवला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राजाने लागवडीच्या गुन्ह्यांत अडकलेल्या ४,८०० हून अधिक शेतकऱ्यांना माफी दिली. नव्या उद्योगात जुन्या आरोपींना जागा मिळावी, हा त्यामागचा विचार होता. पाकिस्ताननेही २०२४ मध्ये औषधी-औद्योगिक गांजासाठी प्राधिकरणाचा कायदा केला. आपल्याकडे मात्र उद्योगाचे धोरण ठरवताना आधी पकडलेल्यांचे काय, हा प्रश्न चर्चेत येताना दिसत नाही.

म्हणून मला वाटते, आपली मागणी स्पष्ट असावी. जे राज्य किंवा जे केंद्र सरकार या झाडातून महसूल मिळवू पाहते, त्याने त्याच वेळी तीन गोष्टी कराव्यात. सेवन आणि अल्प प्रमाण यांसाठी तुरुंगाची शिक्षा काढून टाकावी. अशा जुन्या शिक्षांच्या नोंदी पुसण्याची सोय करावी. आणि उपचार केंद्रे कागदावर न ठेवता जिल्हा रुग्णालयापर्यंत, वस्तीच्या दवाखान्यापर्यंत आणावीत. व्यापार करणाऱ्या टोळ्यांवर कारवाई जरूर व्हावी. पण सगळी शक्ती पुडी ओढणाऱ्यावर खर्च केली की टोळीपर्यंत पोहोचायला पोलिसांकडे वेळ उरत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत काही कामे आपल्या हातात आहेत. कुणालाही अटक झाली तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे, आणि कोठडीतल्या प्रत्येक माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. हे दोन क्रमांक आपल्या मंडळाच्या, वाचनालयाच्या, मशिदीबाहेरच्या फलकावर लावायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्यातले जे कायद्याचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस जवळच्या दंडाधिकारी न्यायालयात बसावे. कबुली देण्याआधी आरोपीला कलम ६४-अ बद्दल कुणी सांगते का, हे पाहावे आणि लिहून ठेवावे. अशा नोंदी जमा झाल्या की त्यांवर निवेदन करता येते, जनहित याचिका करता येते.

घरातल्या मोठ्यांशी बोलायचे कामही तुम्हीच करायचे आहे. मुलगा व्यसनात अडकला असेल तर तो आजारी आहे. त्याला लपवल्याने घराची इज्जत वाचत नाही, वेळेवर उपचार मिळाले तर मुलगा वाचतो. आणि जो अजून अडकलेला नाही, त्याला घाबरवण्यापेक्षा खरे सांगा : हे आरोग्यासाठी धोक्याचे आहे, कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्यासारख्यांना त्याची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते.

हेम्पचे कारखाने उभे राहतील, शेअर बाजारात त्यांची नावेही येतील. त्या दिवशी मुंबईच्या एखाद्या न्यायालयात याच झाडाच्या चिमूटभर पाल्यासाठी कुणी पोरगा गुन्हा कबूल करत असेल, तर त्या प्रगतीला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.